नदीचे मूळ आणि आपले कूळ



भाताची झोडणी उरकली, पेंढा रचून झाला, खाचरात वालही टाकले. आता लग्नसराई सुरू होईपर्यंत संध्याकाळी घटकाभर निवांतपणा मिळतो. या दिवसांत करण्याजोगे एक काम आज सुचवणार आहे. त्याला खर्च नाही, अवजार नाही. दोनशे पानी वही, पेन्सिल आणि घरातले एखादे म्हातारे माणूस, एवढ्यावर भागते. काम आहे आपल्या घराण्याची वंशावळ लिहून काढण्याचे.

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण आपण काही ऋषी नव्हे. आणि नदीचे म्हणाल, तर आपली उल्हास राजमाचीच्या डोंगरातून येते हे कर्जतचे शाळकरी पोरही सांगेल. ते कळल्याने तिचे पाणी कमी झालेले नाही. तेव्हा बिनघोर शोधा.

आधी एक छोटी परीक्षा. बापाचे नाव सांगा. आजाचे सांगा. पणजाचे सांगा. आता खापरपणजाचे सांगा. बहुतेकांची गाडी इथे अडते, आणि त्यालाही कारण आहे. श्राद्धाला आपण बाप, आजा, पणजा अशा तीन पिढ्यांची नावे घेतो. चौथा त्या यादीतून उतरतो आणि हळूहळू घरातल्या बोलण्यातूनही जातो. म्हणजे साधारण शंभर वर्षांत जिवंत माणसाचे नाव पुसले जाते. ज्याने डोंगर फोडून खाचर काढले, बांध घातला, त्याचे भात आपण खातो. नाव मात्र ठाऊक नसते.

सुरुवात सुतकापासून

वंशावळ लिहायला बसले की लोक वरून सुरुवात करतात. मूळ पुरुष कोण, कुठल्या राजाकडे होता, असे. हे उलटे झाले. आपण स्वतःपासून सुरू करावे आणि एकेक पायरी मागे जावे. जी पायरी पक्की झाली नाही, तिच्या पुढे जाऊ नये.

पहिली यादी करायची सोपी युक्ती सांगतो. आपल्या घरात कोणी गेले, तर दहा दिवसांचे सुतक कोणाकोणाला लागते, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. ज्या घरांना सुतक लागते, ती आपली भावकी. मग ती घरे कल्याणला गेलेली असोत की गिरणीच्या काळात परळला राहिलेली असोत. बोलणे बंद असले तरी सुतक चुकत नाही. ही यादी कागदावर आली की विचारा, हे घर आपल्याला कुठे मिळते? आजाच्या भावाचे, की पणजाच्या चुलत्याचे? आठ-दहा घरांची उत्तरे जमली की झाडाचा आकार दिसू लागतो. गावदेवीच्या पालखीचा मान, होळीचा मान कोणत्या घराकडे आहे, हेही लिहून ठेवा. थोरली पाती कोणती, धाकटी कोणती, हे त्यावरून पुष्कळदा उलगडते.

आडनावावर मात्र भिस्त ठेवू नका. आपल्या भागात पाटील आडनाव किती गावांत आहे पाहा. ते पद होते, पुढे आडनाव झाले. दोन पाटील एका कुळाचे असतीलच असे नाही. उलट एकाच कुळाची दोन गावांत दोन आडनावे झालेलीही सापडतात.

माहितीची खाण कुठे असेल, तर ती आत्याकडे. लग्न होऊन गेलेली बाई माहेरची नावे सहसा विसरत नाही, आणि सासरची तिला शिकावीच लागतात. म्हणून भावाला विचारून थांबू नका, आत्याच्या गावी जाऊन या. बोलताना मोबाइलवर तिचा आवाज टिपून घ्या. मात्र तिला आधी सांगून.

सालाचा मेळ कसा घालावा

आजीला जन्मसाल विचारले तर ती सांगू शकणार नाही. शाळेच्या दाखल्यावर असेल, पण त्यातही गंमत आहे. जुन्या पिढीतल्या निम्म्या गावाचा जन्म एक जूनचा! पोर शाळेत घालताना मास्तरांनी ती तारीख टाकून दिलेली असते.

म्हणून साल विचारू नये, प्रसंग विचारावा. मानमोडीची साथ आली ते १९१८ साल. भिवपुरीचे वीजघर सुरू झाले १९२२ मध्ये. सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले ते २ जानेवारी १९४३ रोजी. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. मोठा दुष्काळ १९७२ चा. जांभूळपाड्याचा पूर जुलै १९८९ चा. “कोतवाल गेले तेव्हा तुझी आई पोटुशी होती का, की तू रांगत होतीस?” असे विचारले की साल एका वर्षाच्या आत येऊन बसते. तरीही अडले, तर एका पिढीला पंचवीस वर्षे धरून अंदाज बांधावा आणि पुढे “अंदाजे” असे लिहावे.

कागद काय बोलतात

तोंडी माहिती संपली की कागदाकडे वळायचे. आपल्या घरातच पत्र्याच्या पेटीत काही कागद असतील. ते आधी पाहा. नंतर तलाठ्याकडे जा. त्यांच्या हुद्द्याचे नाव २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, पण गावात अजून तलाठीच म्हणतात. सातबारा आपल्याला ठाऊक असतो. वंशावळीसाठी त्याहून कामाचे आहेत फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, आणि वारसांची नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६-क. माणूस गेला की त्याच्या जागी कोणाची नावे लागली, ते इथे लिहिलेले असते. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली, त्यामुळे शंभर वर्षांपर्यंतची साखळी इथे जुळू शकते. कूळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ रोजी ज्यांची जमीन कुळाची मालकीची ठरली, त्यांनी ३२-ग च्या निकालाचे कागद जरूर पाहावे. कोण, कोणाचा मुलगा, किती वर्षे कसत होता, हे त्यात येते.

गावच्या जन्ममृत्यूची जुनी वही, गाव नमुना १४, हिला कोतवाल बुक म्हणतात. ती तहसील कचेरीत असते. शाळेचे जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांकडे असते.

जुन्या नोंदींत चार शब्द वारंवार भेटतील, ते समजून घ्या. “बिन” किंवा “वलद” म्हणजे अमक्याचा मुलगा. “कोम” म्हणजे अमक्याची बायको. “ए.कु.मॅ.” म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, थोरल्याचे एकट्याचे नाव लागले असले तरी मागे भाऊ आहेत, असा त्याचा अर्थ. आणि “अ.पा.क.” म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता.

या शेवटच्या तीन अक्षरांपाशी जरा थांबा. समजा, एका जुन्या फेरफारात असे लिहिले आहे: “पांडू राघो, अ.पा.क. आई साळू कोम राघो.” एका ओळीत किती कळले पाहा. राघो तरणाताठा गेला. पांडू तेव्हा लहान होता. जमीन साळूने राखली. भावकीच्या गराड्यात, पदरात पोर असताना, तिने ते खाचर टिकवले म्हणून ते आज तुमच्या नावावर आहे. आणि हेही ध्यानात घ्या, की राघो जिवंत असता तर साळूचे नाव त्या कागदात आलेच नसते. जुन्या कागदात बाईचे नाव बहुधा नवऱ्याच्या मागे येते. म्हणून असे नाव दिसले की ते वहीत ठळक लिहा.

१९५० च्या आधीचे पुष्कळ कागद मोडी लिपीत आहेत. घाबरू नका. राज्याच्या पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग भरतात, आणि घरातले एखादे शिकलेले पोर महिना-दोन महिन्यांत अक्षर लावू लागते. २०२३ साली कुणबी नोंदी तपासण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा कचेऱ्यांतली जुनी दप्तरे सोडली गेली आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला, हे तुम्हाला आठवत असेल. कागदावर शके असेल तर ७८ मिळवावे. शके १८०० म्हणजे १८७८ साल. शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवावे.

आपल्या तालुक्यांच्या बाबतीत एक खूणगाठ बांधून ठेवा. आज आपण रायगडचे, पण हे नाव १९८१ चे. त्याआधी जिल्हा कुलाबा. आणि कर्जत तर १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. खालापूर त्याचाच पेटा. म्हणून त्याआधीची माहिती कुलाब्याच्या कागदांत सापडली नाही तर हात टेकू नका, ठाण्याच्या कागदांत पाहा. १८८२ च्या सरकारी गॅझेटियरमध्येही आपला कर्जत ठाण्याच्याच खंडात आहे.

नाशिकला अस्थी घेऊन गेलेल्यांनी तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहिल्या असतील. गाव आणि आडनाव सांगितले की ते नेमके पान काढतात. त्यावर आपला आजा केव्हा आला, बरोबर कोण होते, हे त्याच्या सांगण्यावरून लिहिलेले असते. पुढच्या खेपेला गेलात तर नुसती सही करून येऊ नका. मागची सगळी नावे उतरवून आणा, आणि आपल्या घरातल्या बायकांची व मुलींची नावेही तिथे लिहायला सांगा. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी बैलावर बसून दारोदार येतात आणि घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात. आपल्याकडे ती चाल नाही. म्हणून आपला हेळवी आपणच व्हायचे.

आपण आलो कुठून?

हा प्रश्न सगळ्यांच्या आवडीचा. “आम्ही घाटावरचे” असे आपल्याकडची कितीतरी घरे सांगतात. खरे-खोटे कसे पाहावे? कुलदैवत विचारा. जेजुरीचा खंडोबा की कार्ल्याची एकवीरा? नवस फेडायला घाट कोणता चढत होते, बोरघाट, कुसूरघाट की खांडसवरून भीमाशंकरची वाट? सोयरीक कोणत्या गावांशी होत होती? देव, वाट आणि सोयरीक ही तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवू लागली, तर मूळ तिकडे असण्याचा संभव बराच.

आपला मुलूख वाटेवरचा. इथे माणसे येत राहिली. आगगाडी १८५६ मध्ये पळसदरी-खोपोलीपर्यंत आली. बोरघाटाचे काम १८६३ साली पुरे झाले, आणि त्या कामावर हजारो माणसे राबली. नेरळ-माथेरानची गाडी १९०७ ची. खोपोलीचे टाटांचे वीजघर १९१५ चे. यांतल्या कोणत्या कामावर आपला पणजा टोपली घेऊन आला आणि इथलाच झाला, हे शोधण्यात काही कमीपणा नाही. पालखीबरोबर आलेला पूर्वज आणि पाटीबरोबर आलेला पूर्वज, दोघांनीही घामच गाळला.

गाव सुटले तरी गावाची ओढ सुटत नाही, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. बेने इस्रायली लोक, ज्यांना गावात शनिवार तेली म्हणत, ते शतकानुशतके इथे तेलाचे घाणे चालवत होते. त्यांची आडनावे रोहेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर अशी. १९४८ नंतर त्यांतली बहुतेक घरे इस्राएलला गेली; रोहे, पेण ही नावे मात्र त्यांच्याबरोबर तिकडे नांदत आहेत. मॉरिशसला १८३४ पासून मजूर म्हणून माणसे गेली, त्यांत आपली मराठी माणसेही होती. तिथल्या मोका गावी महात्मा गांधी संस्थेत त्या वेळची रजिस्टरे जपून ठेवली आहेत. त्यांत मजुराचे नाव, बापाचे नाव, गाव असे लिहिलेले आहे, आणि पाचव्या-सहाव्या पिढीची नातवंडे ते पान शोधत येतात.

अमेरिकेत ॲलेक्स हेली या काळ्या लेखकाने १९७६ साली “रूट्स” हे पुस्तक लिहिले. गुलाम म्हणून पकडून नेलेल्या आपल्या पूर्वजाचे आफ्रिकेतले गाव सापडल्याचे त्यात सांगितले. त्यानंतर तिकडे घरोघर वंशावळीचा नाद लागला. पुढे जाणकारांनी ती हकीकत कागदांशी ताडली, तेव्हा काही दुवे जुळेनात. यावरून आपण घ्यायचे ते एवढेच, की ऐकीव ते ऐकीव म्हणून लिहावे आणि कागदी ते कागदी म्हणून. दोन्हींची शाई वेगळी ठेवली तर उत्तम.

हौसेमागची गरज

आता कोणी म्हणेल, पोटाला काय मिळणार यातून? तर ऐका. आपल्या दोन्ही तालुक्यांत जमिनीला भाव आला आहे. द्रुतगती मार्ग खालापुरातून गेला, शेतघरे उभी राहिली, गिऱ्हाईक दारात उभे असते. आणि सातबारावर अजून मेलेल्या आजाचे नाव! भूसंपादनाचा मोबदला असो की वाटप, पहिला प्रश्न येतो वारस कोण. त्या वेळी घाईघाईने प्रतिज्ञापत्रावर वंशावळ लिहिली जाते, आणि नेमक्या बहिणी गळतात. कधी विसरून, कधी मुद्दाम.

हे ध्यानात ठेवा, की ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. बहिणीला गाळून केलेली वंशावळ खोटी ठरते, व्यवहार कोर्टात अडकतो, आणि दिवाळीची ओवाळणी कायमची बंद होते. बहीण हक्क सोडील की घेईल, हा तिचा प्रश्न. तिचे नाव लिहायचे की नाही, हा प्रश्नच नाही.

जातीच्या दाखल्यालाही वंशावळ लागते. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा मागतात. तो पुरावा आजाचा किंवा चुलत आजाचा असेल, तर नाते दाखवायला वंशावळच हवी. पोराचा प्रवेश तोंडावर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आज सावकाश केलेले बरे.

आपल्या ठाकर-कातकरी बांधवांना तर याची गरज सर्वांत जास्त, आणि कागद सर्वांत कमी. वीटभट्टीवर अर्धे वर्ष घालवणाऱ्या घराकडे पेटीत कागद कुठून असणार? पण २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत, पूर्वीच्या नोंदीतल्या माणसापर्यंत नेणारी वंशावळ हा पुरावा धरला आहे, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही धरले आहेत. वाडीतल्या शिकलेल्या पोरांनी हे काम अंगावर घ्यावे. म्हाताऱ्यांचे सांगणे लिहून घेतले, तर तेच उद्या दळीच्या जमिनीचा आधार होऊ शकते.

आठातला एक

शेवटी एक हिशेब. प्रत्येकाला आईबाप दोन, आजीआजोबा चार, पणजोबा-पणजी मिळून आठ. या आठ माणसांचे रक्त आपल्यात सारखेच आले. आपण वंशावळीत लिहितो किती? बापाच्या बापाचा बाप, एकच. बाकीचे सात कुठे गेले?

म्हणून वही घातलीत तर तिच्यात प्रत्येक पुरुषापुढे बायकोचे नाव लिहा, आणि त्याखाली तिचे माहेरचे नाव, तिच्या बापाचे नाव आणि गाव. सासरी नाव बदलले असेल तर दोन्ही लिहा. मुलींची नावे लिहा, त्या कुठे दिल्या ते लिहा. लहानपणी गेलेली पोरेही लिहा. त्यांच्या आईने त्यांना मोजले होते. दत्तक, दुसरे लग्न, घर सोडून गेलेला कोणी, अशा गोष्टी निघतील. त्या चावडीवर मांडायच्या नसतात, पण वहीत खोट्याही लिहायच्या नसतात. कोणी पैसे घेऊन थेट राजघराण्याला नेऊन जोडणारी तयार वंशावळ देऊ लागला, तर त्याला ताक पाजून वाटेला लावा. मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नका, नक्कल द्या.

आणि हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. २७ जणांचे देह सापडले, ५७ जण मिळालेच नाहीत. एका वाडीची माणसे आणि त्यांच्या आठवणी एका रात्रीत मातीखाली गेल्या. आपल्याकडे दरड येईलच असे नाही. पण पिकले पान कधी गळेल, ते कोणी सांगावे?

तेव्हा आज जेवणे झाली की टीव्ही थोडा वेळ बंद ठेवा. पोरांना वही घेऊन आजीजवळ बसवा आणि पहिला प्रश्न विचारायला सांगा, “आजी, तुझ्या आईचे नाव काय गं?” कित्येक वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारलेला नसेल. ती काय सांगते ते नीट ऐका, आणि पहिल्या पानावर तेच लिहा.